नकाराची तालीम

अवयवदानाबद्दल मृताच्या घरच्यांना विचारायचं, हे आईचं इस्पितळातलं काम. त्या दिवशी डोकं ठणकत असूनही ती नव्या सहकारिणीला घरीच शिकवत बसली होती. तालमीपुरती नातेवाईक झाली होती लेक.

"नाही म्हण, चांगलं फणकाऱ्यानं! हिला नकार पचवायची सवय होऊ दे."

"आणि हो म्हटलं तर?"

"मग मी शिकवू काय, कपाळ?"

त्याच रात्री मेंदूत रक्तस्राव होऊन आई कोसळली. दुसऱ्या दिवशी इस्पितळात डॉक्टरांनी तिचा मेंदू मृत झाल्याचं सांगितलं. पाठोपाठ ती सहकारीण आली. शिकवल्याप्रमाणे तिनं आधी पाणी दिलं, मग हलकेच दार लावलं. पुढचं वाक्य लेकीला पाठ होतं, पण सहकारिणीच्या तोंडून ते फुटेना.



"विचार ना गं," लेक म्हणाली. "आज मी हो म्हणणार आहे."