वाक्यात उपयोग

त्र्याहत्तर सालची गोष्ट. शालनला बघायला इचलकरंजीचं स्थळ आलं. नवऱ्यामुलानं तोंडातली तंबाखू बोटानं काढून खुर्चीखाली चिकटवली आणि त्याच बोटांनी तिनं केलेले पोहे तो चिवडू लागला.

"कोल्हापूरला कालिजात जाता न्हवं? एखादं भारी इंग्रजी वाक्य बोला की," तो म्हणाला.

गेल्याच आठवड्यात सरांनी 'अभॉर' हे पुस्तकी क्रियापद शिकवलं होतं. अर्थ, मनापासून किळस वाटणे. ते वापरायची वेळ इतक्या लवकर येईल असं तिला वाटलं नव्हतं.

त्याच्या डोळ्यांत बघून ती स्पष्ट म्हणाली, "आय अभॉर यू."

तो लाजून चूर झाला आणि बापाकडं वळला.



"आबा, सुपारी फोडा! मीबी यांना लई अभॉर करतो."