हिरवी खूण

विसरायला लागल्यावर बाबांनी आपल्या आठवणी बोलून ठेवायचं ठरवलं. बोललेलं लिहून घेऊन साठवणारा डेटाबेस मीच घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर बसवून दिला. नोकरीतही माझं हेच काम. प्रत्येक वाक्य आधी डिस्कवरच्या लॉगमध्ये, म्हणजे कायमच्या नोंदवहीत उतरायचं, मगच पडद्यावर ते जपलं गेल्याची हिरवी खूण यायची आणि पुढचं बोलता यायचं. तेवढ्या दोन सेकंदांत बाबांचं पुढचं वाक्य निसटून जायचं.

"तुझ्या यंत्रापेक्षा मी बरा," ते वैतागायचे.

शेवटी मी यंत्राचं लॉगसाठी थांबणंच बंद केलं. खूण लगेच येणार, मजकूर तासाभराने एकदम डिस्कवर जाणार. मधेच मशीन बंद पडलं तर तेवढं गेलं. ऑफिसात कुणी असं केलं असतं तर मी त्याची खरडपट्टी काढली असती.

बाबांची गाडी सुसाट सुटली. आजोबा, शाळा, आईशी लग्न, आईचं जाणं. मग एका रविवारी "आता तुझं सांगतो" म्हणत त्यांनी मला बाहेर काढून दार लावलं आणि पाऊण तास बोलत बसले. वीज गेली, कॉम्प्युटर बंद पडला म्हणून मी आत डोकावले.

"शेवटपर्यंत सगळ्या खुणा हिरव्या आल्या बरं," ते खुशीत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी म्हटलं, परत सांगा ना. "काय सांगत होतो?" त्यांनी विचारलं.

हल्ली त्या आठवणींची मी छापून आणलेली पानं ते रोज वाचतात. परवा शेवटचं पान मिटून त्यांनी चष्मा काढला आणि हळहळत मला विचारलं,

 

"या गृहस्थांना मूलबाळ नव्हतं का हो?"