नदीकडे जाणारा बाण

सात शब्दांची ती ओळ वाचायला त्या माणसाला एकोणीस सेकंद लागले. ब्रोनविनने स्टॉपवॉच थांबवलं आणि आकडा वहीत लिहिला. काचेपलीकडे त्याचे डोळे पुन्हा ओळीच्या सुरुवातीला गेले.

'पडक्या गिरणीवरून उगवतीला वळ, मग नदी लागेल.'

पडद्यावर तो वळला नाही. सरळ दलदलीत शिरला आणि तिसऱ्यांदा बुडून मेला.

"कुठल्या गाढवाने लिहिलंय हे?" स्पीकरमधून त्याचा आवाज आला.

"तुझं नाव सांगू का त्याला?" तिचा सहकारी फर्गस म्हणाला.

ब्रोनविन हसली नाही. काच अशी होती की इकडून तिकडचं दिसे, तिकडून इकडचं नाही. चाचणीचा नियम एकच होता: खेळणाऱ्याला मदत करायची नाही. ब्रिस्बेनच्या या व्हिडिओ गेम स्टुडिओत ती बारा वर्षं तो पाळत आली होती.

'खारं रान'चे तिन्ही भाग तिने रचले होते. पात्र आपण घडवायचं, बळ, चपळाईसारख्या चौदा गुणांचे आकडे आपण वाटायचे, वाट गावकऱ्यांना विचारायची आणि त्यांचं बोलणं नीट ऐकायचं. पडद्यावर वाट दाखवणारं काही नाही. चौथ्या भागात फर्गसला चौदाचे चार गुण हवे होते आणि पायाशी एक पिवळा बाण. गुणांवरून दोघे वर्षभर भांडले आणि चौदा तसेच राहिले. बाण तयार होता, फक्त बंद ठेवला होता. दीड वर्ष ती "बघू" म्हणत होती. आज पाच वाजता प्रकाशकाला उत्तर द्यायचं होतं.

"एक्केचाळीस मिनिटं झाली," फर्गस म्हणाला. "माणूस नदीपर्यंतसुद्धा पोचला नाही. तुझ्या खेळाचं दार आहे की तुरुंगाची भिंत?"

"बसलाय बघ कसा. उजवा हात मांडीवर टाकून, पबमध्ये बसल्यासारखा. एका हाताने खेळतोय. त्याला खेळायचंच नाहीये."

"आपलं गिऱ्हाईक आहे ते, बाई."

"तुझं. माझं नाही. याच्यासाठी बाण टाकायचा म्हणजे ज्यांनी तीन भाग जीव ओतून खेळले त्यांच्या तोंडावर थुंकायचं."

"म्हणजे तुझ्या त्या पंजावाल्याच्या."

फर्गसला दुखरी जागा बरोबर ठाऊक होती.

पंजावाला म्हणजे वॉम्बॅट, बिळं खोदणाऱ्या एका ऑस्ट्रेलियन प्राण्यावरून घेतलेलं टोपणनाव. खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं. नऊ वर्षं तो टूवुम्बा शहरातून कागदावर पत्रं पाठवत असे. खाली सही नाही, वॉम्बॅटचा पंजा काढलेला. एका गुणाचा हिशेब अर्ध्याने चुकला तरी तिला फाडून खायचा, आणि दर वेळी त्याचंच बरोबर निघायचं. त्याचं शेवटचं पत्र तिच्या वहीतच होतं.

'ज्याला वाचायचा कंटाळा त्याला बाहेरच ठेवा,' त्यात लिहिलं होतं. 'बाण दिसला त्या दिवशी माझं-तुमचं संपलं.'

"चौदा महिने एक ओळ नाही त्याची," ती म्हणाली. "तू मुलाखतीत बाणाबद्दल बरळलास, त्याच महिन्यापासून. बारा वर्षांत कमावलेला सगळ्यात चांगला खेळाडू तू एका वाक्यात घालवलास."

"दोन गोष्टी एका महिन्यात घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी? भौतिकशास्त्र शिकलीस ना तू?"

"तुला दुसरं कारण माहीत आहे?"

फर्गसने काचेकडे बोट केलं.

काचेपलीकडे तो माणूस आता कुणाला तरी हाका मारत होता. "ए, कागद द्या! पेन्सिल द्या!"

कागद द्यायला नियमाची आडकाठी नव्हती. फर्गस जाऊन आला.

"चौकटीचा का नाही म्हणून मलाच झापलं," तो म्हणाला. "वर म्हणतो, कसलं ऑफिस आहे हे!"

"फॉर्मवर काय लिहिलंय? आधी काय खेळलाय?"

"काही नाही. सगळे रकाने कोरे. नुसतं हॅरिस."

"आळशी," ब्रोनविन म्हणाली. "खेळायला आळशी, लिहायलाही आळशी. अशा माणसाकडे बघून तू माझा खेळ मोडायला निघालायस."

हॅरिसने पेन्सिल डाव्या मुठीत धरली, लहान मूल चमचा धरतं तशी. गिरणी काढली. दलदल काढली. मग ओळ पुन्हा वाचली. या वेळी बावीस सेकंद. ओठ हलत होते. तो गिरणीपाशी गेला, थांबला, कागदाकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि सरळ दलदलीत गेला.

चौथ्यांदा बुडाल्यावर तो ओरडला नाही. मग कागद उलटून मागे काहीतरी लिहू लागला. ते लिहायला सहा मिनिटं लागली. तिने तोही आकडा टिपला.

दार उघडून एक बाई आत आली. "झालं ना, बाबा? चला."

"झालं कसलं! नदी इथंच आहे, मला माहीत आहे," तो खेकसला.

तो उठला तेव्हा उजवा हात मांडीवरून घसरला आणि तसाच लोंबत राहिला. मुलीने तो उचलून त्याच्या खिशात ठेवला.

ब्रोनविनचं पेन वहीवर थांबलं.

फर्गस कागद घेऊन आला. "तुझ्याच बाजूचा निघाला की गं!" तो म्हणाला. "घे, वाच. पाचला दहा कमी आहेत."

नकाशा तिने पाहिला नाही. मागची अक्षरं एकमेकांवर पडली होती.

'बाण टाकलात तर खबरदार. पुढच्या वेळी नदी शोधेन.'

खाली सही नव्हती. पाच नख्यांचा एक वाकडातिकडा पंजा होता.

तिने वहीतलं पत्र काढून कागदाशेजारी ठेवलं. दोन्ही पंजे पाहिले, मग वहीतले आकडे: एकोणीस सेकंद, बावीस सेकंद, सहा मिनिटं.

"बाण टाक," ती म्हणाली.