चहादाणीचं झाकण

लुकबुवांनी चहादाणीचं झाकण उचलून तिरकं ठेवलं आणि समोरच्या पोराने ते लगेच नीट बसवलं. वर हसला. लुकबुवांच्या डोक्यात तिडीक गेली.

रविवारची सकाळ. ग्वांगझोऊचं ते चहाघर खच्चून भरलेलं. चहा संपत आला की झाकण तिरकं करायचं, म्हणजे वाढणारी बाई न सांगता गरम पाणी ओतून जाते. इथल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. पण हा छ्याओ पडला हार्बिनचा, पार उत्तरेकडचा. लुकबुवांची एकुलती एक लेक वान-छिंग त्याच्याशी लग्न करून तिकडे जायचं म्हणत होती. बाबा नाही म्हणाले तर नाही करणार, असंही तिनेच कबूल केलं होतं. मध्ये एक शब्द बोलायचा नाही, पोरगा कसा आहे ते माझं मला बघू दे, असं तिला बजावूनच बुवा घरून निघाले होते. ती आपली गुमान खाली बघून कोंबडीचे पाय चोखत बसली होती.

झाकण पुन्हा तिरकं झालं. पुन्हा बसलं.

बाकी पोराचं वागणं अगदी बिनचूक. चहा आधी दुसऱ्यांना ओतला. स्वतःच्या कपात कुणी ओतला की टेबलावर बोटं टकटक करून आभार मानले. टोपलीतला शेवटचा हार-गाव, म्हणजे कोळंबीचा वाफवलेला मोदक, बुवांपुढे सरकवला. परगावच्या लोकांसाठी इथल्या रीतीभातींबद्दल लिहिलेलं सगळं पाठ करून आला होता मेला. नाव ठेवायला जागा नाही, म्हणून बुवा जास्तच वैतागले. घसा कोरडा पडला होता आणि वाढणारी लिंगबाई किटली घेऊन शेजारच्या टेबलावरूनच परत फिरत होती.

शेवटी त्यांनी तिलाच झापलं. आम्ही काय इथे वाळत बसायचं का?

"झाकण तर लावलेलंय बुवा," ती म्हणाली. "मला वाटलं, झालं तुमचं." आणि किटली भरून आणायला आत गेली.

बुवा पोराकडे वळले. इतका वेळ त्याची उत्तरेकडची भाषा येत नसल्याचं सोंग घेतलं होतं, तेही विसरले.

"अरे, त्या झाकणाने तुझं काय घोडं मारलंय? तिरकं असलं तरच ती पाणी ओतते!"

छ्याओचा चेहरा खर्रकन उतरला. त्याने बिचकत वान-छिंगकडे पाहिलं. तिने कोंबडीचा आणखी एक पाय उचलला.

"चुकलं काका. हे ठाऊक नव्हतं मला," तो म्हणाला. "आमच्याकडे झाकण उघडं राहिलं की दोन गोष्टी बोलेपर्यंत चहा गार होतो. हात आपोआप जातो."

"एवढी थंडी?"

"हिवाळ्यात नदी गोठते. वरून माणसं चालतात."

बुवा लेकीकडे बघत राहिले. या उकाड्यातसुद्धा ती अंगावर शाल घेऊन बसली होती. आपली पोर इतक्या लांब जाणार, या विचाराने त्यांना भडभडून आलं, आणि त्याचाही रागच आला.

त्यांनी झाकण उचललं आणि खाडकन तिरकं ठेवलं.

"इथे याला हात लावलास तर याद राख," ते छ्याओला म्हणाले. "तिकडे मात्र लावत जा. हिला गार चहा चालत नाही."