आसरांचा दिवा

विहिरीच्या काठावर आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या देवींचे, शेंदूर लावलेले दगड सात होते. काढून ठेवलेले पत्रे अकरा. खाली उतरायला लोखंडी कड्या सव्वीस, त्यांतली एक सैल. तळाशी गुडघाभर पाणी आणि दोन वर्षांचा कुजलेला पाला. आत बिबट्या पडला होता, तेव्हापासून ही विहीर झाकलेलीच होती. आता बोअर आटलं होतं, टोमॅटोला पाणी हवं होतं. गाळ काढायला भरत उतरणार होता. त्याने कमरेला दोर बांधला.

"थांब रं," त्याची आई, प्रयागबाई म्हणाल्या. "आधी आसरांना दिवा."

"का? त्यांच्याकडं बी लोडशेडिंग हाय का?"

प्राची हसली. ती भरतची धाकटी बहीण. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली, चाकणला नोकरी करणारी, सुट्टीला गावी, पिंपरी पेंढारला आलेली.

प्रयागबाईंनी पणती पेटवून परडीत ठेवली आणि दोराने खाली सोडली. निम्म्या वाटेवर पणती विझली.

"ठिवून घेतला," त्या म्हणाल्या. "साती जणी आत हायेत. आज उतरायचं न्हाई."

"वाऱ्यानं विझला, आई." भरतने पहिल्या कडीवर पाय ठेवला.

"माजी शप्पत हाय तुला."

"थांब दादा, मी दाखवते आईला," म्हणत प्राचीने परडी वर ओढली. पणती पुन्हा पेटवली आणि दोर हातांनी मोजत सोडला. सतराव्या हाताला पणती विझली. तिने तिसऱ्यांदा पेटवली. पुन्हा सतरावा हात. ज्योत जराही हलली नाही. वातीवरून उचलली गेल्यासारखी झाली आणि गेली.

प्राची आता हसत नव्हती. "आई, हे तुला कुणी सांगितलं?"

"सासूनं. तिला तिच्या सासूनं. झाकल्या इहिरीत साती बहिनी निजत्यात. त्यांनी दिवा ठिवून घेतला तर आपून मधी जायचं न्हाई." प्रयागबाईंनी पदराने हाताचं तेल पुसलं. "पैल्यांदा कुनाचं तरी लेकरू वर आलं नसंल, बाई. का आलं न्हाई, ते तिला तरी कुठलं कळाय? पन दुसरीचं जाऊ नये म्हनून तिनं सांगून ठिवलं."

कंपनीत टाक्या तपासणं हे प्राचीचं रोजचं काम होतं. आत हवेचं मीटर सोडून, ऑक्सिजन साडेएकोणीस टक्क्यांच्या वर आहे हे पाहिल्याशिवाय ती कुणाला टाकीत उतरू देत नसे. ही विहीर घरची होती. तिला ते सुचलंच नव्हतं.

"दादा, पाय वर घे."

ती धावत घरात गेली. तपासणीसाठी पुण्याला द्यायचं म्हणून गॅस मीटर बॅगेतच होतं. तिने ते दोराला बांधून खाली सोडलं. तळ गाठायच्या आधीच ते वाजायला लागलं.

भरतने कमरेचा दोर सोडला. तो आईशेजारी मातीत बसला, तिचा तेलकट हात त्याने दोन्ही हातांत धरला. प्राची आईच्या पाया पडली.

"आज काय सण हाय व्हय गं?" प्रयागबाई म्हणाल्या.

प्राचीने मीटर वर ओढलं. ऑक्सिजन काठावर २०.९ टक्के होता, तळाशी ८.६.