लक्सरचा फोन

"नाना झोपलेत," मयूरी फोनवर म्हणाली आणि तिनं भिंतीकडं तोंड केलं.

"आत्ता? भर दुपारी?" चारुआत्या थेट इजिप्तमधून बोलत होती, त्यामुळं प्रत्येक वाक्यानंतर थोडा वेळ नुसतीच खरखर यायची.

"औषधानं गुंगी येते त्यांना."

खरखर. मग आत्या म्हणाली, "उठले की सांग त्यांना. मी विचारत होते म्हणून."

नाना, मयूरीचे आजोबा, आता उठणार नव्हते. आत्याच्या सहलीची मिनीबस घराजवळच्या विश्रामबागेतून मुंबईकडं निघाली, ती शिरवळच्या पुढं गेली असेल-नसेल, तोच ते गेले होते.

आत्या साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायची. लग्न केलं नव्हतं. फळ्यावर पिरॅमिड काढून काढून तिच्या शाळेतल्या खडूंचा भुगा झाला होता. मयूरीला नाईलकाठची देवळं कृष्णेच्या घाटांपेक्षा जास्त पाठ होती, ती आत्यामुळंच.

"तिला कळलं तर मिळेल त्या विमानानं माघारी येईल," नानांना अग्नी देऊन आल्यावर बाबा म्हणाले होते. "आता येऊन काय बघणार आहे ती? जन्मभर त्या इजिप्तसाठी झुरली बिचारी. बघू दे."

"पण तिचा फोन आला तर?" आईनं विचारलं.

सगळ्यांनी मयूरीकडं बघितलं. मयूरी नववीत होती आणि यंदा वक्तृत्वाची ढाल तिनंच आणली होती.

"ही बोलेल," बाबा म्हणाले. "हिच्या तोंडाला कोण लागणार?"

एरवी ती फुशारली असती. पण बसमध्ये चढायच्या आधी आत्यानं तिला बाजूला घेतलं होतं. "मयू, नानांचं काही खरं नाही. दादा खोटं बोलेल, वहिनी नुसती रडेल. तू मला खरं सांगायचंस. काही झालं तर मी अर्ध्यातून परत येईन. शपथ?"

"शपथ," मयूरी म्हणाली होती. अगदी गळ्याला चिमटा घेऊन.

पुढचा फोन लक्सरहून आला तेव्हा आत्याच्या आवाजात जरा जीव होता. "मयू, आज राजांच्या थडग्यांत उतरले गं! डोंगराच्या पोटात भुयार. भिंतीवर बाया, बगळे, बैल, आणि रंग असे ओले की हात लावला तर बोटाला लागतील. वर निळं छत आणि त्यात पिवळ्या चांदण्या. मेलेल्या माणसाला आभाळ दिसावं म्हणून."

मयूरीनं घाईघाईनं विषय बदलला.

"आणि कर्नाकचं देऊळ? ते खांब? तू म्हणायचीस, माणसांनी साखळी करून मिठी मारली तरी कवेत यायचे नाहीत म्हणून."

"मोठं आहे. बाहेर मेंढ्याच्या तोंडाच्या सिंहांची रांग आहे नुसती. ऊन मरणाचं होतं बघ."

"आणि आत?"

"आल्यावर बोलू." मागून कुणीतरी बाई ओरडली, "बाई, चला की जेवायला! परत त्यो उकडल्याला वाटाणाच हाय, पर चला!"

"या राहीबाई. वाळव्याच्या आहेत, खोलीत माझ्याबरोबर. भाकरीचं पीठ घेऊन आल्यात इजिप्तला," आत्या म्हणाली. मग खरखर. मग, "नाना कसेत?"

"बरेत," मयूरी म्हणाली. "आज पेज घेतली."

फोन ठेवून ती मोरीत गेली आणि नळ सोडून रडली.

तेराव्याच्या आदल्या दिवशी आत्या आली. दारात चपला बघूनच ती थबकली. बाबांनी तिचा हात धरून सांगितलं. आत्या उंबऱ्यातच बसली आणि असा काही टाहो फोडला की शेजारची माणसं धावत आली.

मग तिनं वर बघितलं. थेट मयूरीकडं.

"तू? तुलाच विचारलं होतं ना मी? पेज घेतली म्हणालीस! माझ्या बापाचं तोंड बघू दिलं नाहीस मला!"

"चारू, मीच तिला सांगितलं होतं," बाबा म्हणाले.

"तू खोटं बोलणार याची खात्रीच होती मला, दादा. पण हिनं शपथ घेतली होती." आत्या सगळ्या नातेवाइकांकडं वळली. "मी निम्म्यातून आले असते हो! मी काय देवळं बघत हिंडले असते?"

बायका तिला जवळ घेत होत्या आणि मयूरीकडं तिरकं बघत होत्या. "एवढीशी पोर, आणि किती बेरकी," कुणीतरी पुटपुटलंसुद्धा. मयूरीनं दिलेला चहा आत्यानं घेतला नाही. तेराव्याला तिच्या हातचं पानही घेतलं नाही. बोलणं तर नाहीच.

चार दिवसांनी राहीबाई भेटायला आल्या. आत्या आतल्या खोलीत पडून होती. मयूरीनं पाणी दिलं.

"तूच व्हय मयूरी? लय नाव काढायच्या बाई तुजं."

मयूरीला रडूच फुटलं. "आता नाही काढणार. मी फसवलं तिला. तिची सहल होईपर्यंत सगळं लपवून ठेवलं."

"काय लपीवलंस, पोरी?"

"नाना गेलेले."

राहीबाईंनी तांब्या हळूच खाली ठेवला. आतल्या दाराकडं एकदा बघितलं आणि आवाज बारीक केला.

"आगं, कवा लपीवलंस? त्या एकाबी देवळात आल्या न्हाईत. आमी आत खांब बघत हिंडायचो आन् ह्या बाहेर उन्हात बसायच्या. म्या म्हटलं, आवं बाई, हितल्या देवांची पूजा बंद पडून किती पिढ्या झाल्या, चला की. तर म्हणाल्या, राहीबाई, देव कुणाचाबी असू दे. विमानात चढायच्या आधीच मुंबईत फोनवर कळलंय, वडील गेल्यात. मला सुतक हाय."