शीळ न घालणारा पोपट

“शीळ न घालणारा कुठला?” आयलानं विचारलं.

बर्नीचा दाण्याच्या डब्यातला हात थांबला. तिनं चष्म्यावरून या पोरीकडे नीट बघितलं. कॅनडातल्या थंडर बेमध्ये कुणालाही नकोसा झालेला पोपट शेवटी बर्नीच्या गॅरेजात येऊन पडतो. तो न्यायला आलेला माणूस मात्र बर्नीच्या उलटतपासणीतून सुटला तरच पिंजरा घेऊन जातो. बहुतेक जण हात हलवत परत जातात.

“लोक शीळ घालणारा मागतात, पोरी. बोलणारा मागतात. परवा एकाला शिव्या देणारा हवा होता, सासूसाठी. तुला मुका हवाय?”

“मुका नको. खोलीत काहीतरी हलतं असलं पाहिजे. फक्त शीळ नको.”

“करतेस काय?”

“नर्सिंग शिकते. शनिवार-रविवार वृद्धाश्रमात काम.”

“म्हणजे घरी जातेस ती कपडे बदलायला,” बर्नी म्हणाली आणि पिंजऱ्यांच्या रांगेतून चालू लागली. “हा करडा आफ्रिकन पोपट विसर. याला दोन वर्षांच्या पोराइतकं बघावं लागतं, आणि तू आजी झालीस तरी हा आहेच. नाकापेक्षा मोती जड. काकाकुवा नेलास तर त्याच्या किंचाळण्यानं सगळी इमारत तुझ्या दारात येईल. ही लव्हबर्डची जोडी गोड दिसते, पण बोट पुढे केलंस की फोडतील.”

आयला प्रत्येक पिंजऱ्यापुढे मान हलवत होती. गेल्या आठवड्यापासून तिला काही वाटतच नव्हतं. तिनं परीक्षा दिली होती, जेवली होती, सगळे हसले तेव्हा हसलीही होती. दात काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल बधिर होतो तसं झालं होतं: आपलाच आहे हे कळतं, पण चिमटा काढला तरी लागत नाही. संध्याकाळी खोलीचं दार उघडलं की तेवढं अवघड जायचं. खिडकीपाशी तिच्या पोपटाचा, पुल्लाचा, रिकामा पिंजरा होता.

पुल्ला कसा गेला ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. आजारी होता, असं सगळ्यांना सांगून टाकलं होतं. बर्नीला खरं कळलं तर पोपट सोडा, ती पीससुद्धा हाताला लागू देणार नाही, हे आयलाला पक्कं ठाऊक होतं. आणि पक्षी तर हवाच होता. पुन्हा त्या खोलीत एकटीनं शिरणं तिला नको होतं.

बर्नी शेवटच्या पिंजऱ्यापाशी थांबली. आत राखाडी रंगाची, डोक्यावर तुरा असलेली एक चिमुकली बाई दांडीवर बसली होती.

“ही घे. कॉकाटील, पोपटातलीच. नर दिवसभर शीळ घालून कान किटवतात, माद्या बहुतेक गप्प असतात. आपल्यात उलटं.” स्वतःच्याच विनोदावर ती हसली. “संध्याकाळी तासभर खांद्यावर घेतलंस तरी हिला पुरतं. तू वाच, ही तुझ्या पुस्तकाचे कोपरे कुरतडेल.”

तिनं पिंजरा उचलून टेबलावर ठेवला. शेजारी गुलाबी साखर लावलेल्या पर्शियनांचा, म्हणजे इथल्या गोड बनांचा, खोका उघडा होता. त्यातला एक तिनं आयलापुढे केला. आयलानं तो घेतला आणि हातातच धरून ठेवला.

“एवढंच विचारायचं राहिलं,” बर्नी म्हणाली. “घरात नॉनस्टिक तवा आहे? मी सगळ्यांना विचारते. तो फार तापला की जो वाफारा निघतो, त्यानं आपलं नुसतं डोकं दुखतं. यांचा जीव जातो, बघता बघता.”

“नाही. लोखंडी आहे.”

“शाब्बास! विद्यार्थ्याच्या घरात लोखंडी तवा! आजीचा?”

“विकत घेतला.”

“कधी?”

खोटं बोलणं अगदी सोपं होतं. दोन वर्षं झाली म्हणाली असती तर बर्नी काही पावती मागणार नव्हती.

“मागच्या मंगळवारी,” आयला म्हणाली.

आयला पुढं सांगत राहिली, कुणा दुसरीबद्दल सांगावं तशी. “एकच खोली आहे. खिडक्या थंडीनं बंद. पॅनकेकसाठी तवा ठेवला आणि पुस्तकावरच झोप लागली. उठले तेव्हा माझं डोकं दुखत होतं.”

आता बर्नी पिंजरा परत उचलेल म्हणून ती वाट बघत राहिली. ओरडली तरी चालेल, असंही तिला वाटलं. बर्नीनं पिंजऱ्यावर हात ठेवला, पण पिंजरा हलला नाही.

“नाव काय होतं?”

“पुल्ला.”

“म्हणजे तो तुम्हा फिनिश लोकांचा वेलदोड्याचा पाव?”

“रंग तसाच होता.”

“शीळ कशी घालायचा?”

आयलानं हातातला पर्शियन टेबलावर ठेवला. रोज दार उघडताना घालायची तशी तिनं शीळ घातली. दोनच सूर, वर चढत जाणारे, कुणी आहे का विचारल्यासारखे. गॅरेजातले सगळे पक्षी एकदम गप्प झाले. टेबलावरच्या मादीनं मान तिरपी केली.

बर्नी टेबलावर वाकली.

“मग, पुढे?”

“पुढचं तो म्हणायचा,” आयला म्हणाली.